फळा पुसायचा कधी, आणि कोणी?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय आहे इन-मेमरी डेटाबेस एका क्लाउडवरून दुसऱ्या क्लाउडवर नेणं. नाव ऐकूनच काही जणींच्या कपाळावर आठ्या आल्या आहेत. मी एम.एस.डब्ल्यू. आहे, कॉम्प्युटरची पदवी माझ्याकडे नाही. मी हेल्पलाईनवर समुपदेशन करते आणि आमच्या केंद्राचं रोजचं काम बघते. तरीही या विषयावर मी बोलणार आहे, कारण गेल्या वर्षी आमच्या हेल्पलाईनची यंत्रणा एका कंपनीकडून दुसरीकडे न्यावी लागली आणि त्यातला सगळ्यात छोटा भाग म्हणजे हा इन-मेमरी डेटाबेस होता. मोबाईलमधले दोन-चार फोटो जेवढी जागा घेतात तेवढाच. पण सगळ्यात जास्त बैठका त्याच्यावरच झाल्या, आणि त्या बैठकांत कॉम्प्युटरचे प्रश्न कमी आणि आपल्या कामाचे प्रश्न जास्त होते.

आधी शब्द समजून घेऊ. क्लाउड म्हणजे आकाशातलं काही नसतं. कुणाच्या तरी मोठ्या इमारतीत कॉम्प्युटर असतात, त्यावर आपण भाड्यानं जागा घेतो. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल या त्यातल्या मोठ्या घरमालकिणी. मायक्रोसॉफ्टनं २०१५मध्ये, ॲमेझॉननं २०१६मध्ये आणि गूगलनं २०१७मध्ये भारतात अशी केंद्रं सुरू केली. म्हणजे खातं उघडताना मुंबईतली किंवा पुण्याजवळची जागा मागता येते. मागावी लागते मात्र. यादीतून नाव न निवडता पुढे गेलं तर आपलं सामान अमेरिकेत जाऊन बसण्याची शक्यता असते.

आता इन-मेमरी. आपल्या कोणत्याही केंद्रात दोन गोष्टी असतात. एक रजिस्टर आणि एक फळा. रजिस्टरमध्ये केस लिहिली की ती राहते. दहा वर्षांनी कोर्टात लागली तरी कपाटातून निघते. फळ्यावर काय असतं? 'आज तीन वाजता पोलीस स्टेशन', 'अमकीला चारनंतर फोन', 'चहाचे पैसे बाकी'. संध्याकाळी पुसलं की संपलं. कॉम्प्युटरमध्येही तसंच आहे. रजिस्टर म्हणजे डिस्कवरचा नेहमीचा डेटाबेस. फळा म्हणजे इन-मेमरी डेटाबेस. तो कॉम्प्युटरच्या चालत्या आठवणीत, रॅममध्ये राहतो, म्हणून विलक्षण वेगानं वाचता येतो. वीज गेली की ती आठवण जाते. आणि प्रत्येक ओळीला आयुष्य देता येतं. ही ओळ वीस मिनिटांनी आपोआप पुसली जावी, ही पाच मिनिटांनी. याला टीटीएल म्हणतात.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव रेडिस. साल्वातोरे सानफिलिप्पो नावाच्या इटालियन माणसानं ते २००९मध्ये लोकांपुढे आणलं, आणि कुणीही फुकट वापरावं असा परवाना दिला. पुढे ते एका कंपनीच्या हाती गेलं आणि मार्च २०२४मध्ये कंपनीनं परवाना बदलून अटी घातल्या. तेव्हा बऱ्याच जणांनी मिळून जुन्या मोकळ्या परवान्यावर त्याचीच जुळी बहीण उभी केली, तिचं नाव व्हॅल्की. २०२५मध्ये रेडिसनं पुन्हा एक मोकळा परवाना जोडला. जागा बदलताना तंत्रज्ञ विचारतात, रेडिस घ्यायचं की व्हॅल्की? आमच्याएवढ्या कामाला दोन्ही सारखीच आहेत. पण फुकट मिळालेली वस्तू पुढेही फुकटच राहील असं धरून चालायचं नसतं, हे बायकांना वेगळं शिकवायला नको.

फुकटावरून आठवलं, आम्हाला जागा का बदलावी लागली तेही सांगते. आधीच्या कंपनीनं सामाजिक संस्था म्हणून आम्हाला वर्षभराची सवलत दिली होती. ती संपली. बिल डॉलरमध्ये यायला लागलं आणि दोन महिन्यांत एका कार्यकर्तीच्या मानधनाएवढं झालं. आम्ही पत्र लिहिलं, मुदत मागितली. उत्तर आलं ते छापील. मग दुसरीकडे सवलत शोधली. पूर्वी अशा जागाबदलात माहिती बाहेर काढायचेही पैसे मोजावे लागत. घर सोडताना दाराशी जकात द्यावी तसं. २०२४च्या पहिल्या तिमाहीत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी पूर्ण सोडून जाणाऱ्या ग्राहकांना ही जकात माफ करायचं जाहीर केलं. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असतात, तेव्हा तुमच्यापैकी कुणी निघणार असेल तर आधी विचारा.

तर आमच्या फळ्यावर काय काय होतं? बाई मिस्ड कॉल देते. पैसे नसतात, शिवाय फोनच्या बिलात नंबर दिसायला नको असतो. तिचा नंबर रांगेत लागतो आणि आमची समुपदेशक परत फोन करते. ही रांग फळ्यावर. नंबरापुढे खूण असते: 'कधीही', 'दुपारीच', 'नऊनंतर', 'पुरुषाचा आवाज आला तर कापडाच्या दुकानातून बोलतो म्हणा'. दुसरी गोष्ट, एक समुपदेशक एका नंबरला फोन करत असेल तर त्या नंबरावर एक कुलूप लागतं, म्हणजे दुसरी त्याच वेळी फोन करत नाही. तिसरी, आम्ही यंत्रणेत शिरतो त्याची ओळख आणि मोबाईलवर येणारा चार-सहा आकडी संकेत. आणि चौथी गोष्ट अर्धवट फॉर्म. बाई बोलत असते, आम्ही टाईप करत असतो, मधेच कुणी आलं म्हणून ती फोन ठेवते. ते अर्धं टिपण अर्धा तास फळ्यावर राहतं. तिचा फोन पुन्हा आला तर पुढे चालू, नाही आला तर पुसलं जातं.

हे सगळं दुसऱ्या क्लाउडवर न्यायचं कसं? आमच्या ओळखीतला एक तरुण इंजिनिअर सुट्टीच्या दिवशी येऊन मदत करत होता. मुलगा चांगला, कामाचा. त्यानं कागदावर तीन रस्ते काढून दाखवले.

खरं तर सगळ्यात सोपा रस्ता वेगळाच आहे. जुन्या फळ्याशेजारी नवा फळा लावायचा आणि जुन्यावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर आपोआप नव्यावर उमटत राहील असं करायचं. रेडिसमध्ये ही सोय आहे. पण कंपन्या जे तयार, सांभाळलेलं रेडिस भाड्यानं देतात त्यात गिऱ्हाईकाला ही आज्ञा वापरता येत नाही. बंद ठेवलेली असते. आपण एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाणार म्हणजे हे दार बंदच.

म्हणून पहिला रस्ता उरतो तो असा. फळ्याचा फोटो काढायचा. एका क्षणी फळ्यावर जे आहे ते सगळं एका फाईलमध्ये उतरतं, तिला आरडीबी फाईल म्हणतात. ॲमेझॉनच्या इलास्टिकॅशमधून अशी फाईल त्यांच्याच एसथ्री नावाच्या कोठारात काढता येते, गूगलच्या मेमरीस्टोअरमध्ये त्यांच्या कोठारातून ती आत घेता येते. फोटो काढला, नेला, नव्या भिंतीवर लावला. फोटोनंतर जुन्या फळ्यावर जे लिहिलं जाईल ते मात्र त्यात नसतं. दुसरा रस्ता म्हणजे एकेक ओळ वाचून पलीकडे लिहिणारा प्रोग्रॅम चालवायचा. आणि तिसरा, काहीच न्यायचं नाही. नवा फळा कोरा लावायचा, नवीन कामं त्यावर सुरू करायची आणि जुन्यावरचं आपोआप पुसलं जाईपर्यंत थांबायचं.

इंजिनिअर म्हणाला, "ताई, पहिला करू. वीस मिनिटांचं काम आहे, काहीच हरवणार नाही."

काहीच हरवणार नाही. या वाक्यावर आमची बैठक अडली. कारण फळा आपण ठेवतोच मुळी हरवण्यासाठी. एखाद्या बाईनं सात वाक्यं बोलून फोन ठेवला. ती सात वाक्यं कुठे लिहून ठेवायला तिनं हो म्हटलेलं नाही. म्हणून ती अर्ध्या तासात जावीत अशी आम्ही व्यवस्था केली. आणि आता जागा बदलायची म्हणून त्याचाच फोटो निघणार. जे कधीच कागदावर येणार नव्हतं ते फाईल होणार. त्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीच्या मरणाची वेळ नोंदलेली असते, आणि नव्या ठिकाणी फाईल उघडली की वेळ उलटून गेलेल्या ओळी आत घेतल्या जात नाहीत, हे खरं. पण फाईलमध्ये त्या असतातच. आरडीबी फाईल स्वतः कुलूपबंद नसते. ती वाचून दाखवणारी फुकट साधनं कुणालाही मिळतात. ती फाईल कोठारात राहिली, इंजिनिअरच्या लॅपटॉपवर राहिली, पेन ड्राईव्हवर राहिली, की त्या संध्याकाळच्या सगळ्या बायकांचे नंबर आणि 'कापडाच्या दुकानातून' सकट सगळ्या खुणा तिथे आहेत.

उलट बाजूही तेवढीच खरी. तिसरा रस्ता धरला आणि नवा फळा कोरा लावला, तर रांगेतल्या नंबरांचं काय? कुणी धाडस करून मिस्ड कॉल दिला, फोन आला नाही. आपल्याला अनुभव आहे, अशी बाई दुसऱ्यांदा फोन करेलच असं नाही. म्हणजे एकाच फळ्यावर अशा गोष्टी होत्या ज्या हरवता कामा नयेत, आणि अशाही होत्या ज्या उरता कामा नयेत. कॉम्प्युटरला दोन्ही सारख्याच. फरक सांगू शकणारी माणसं आम्ही होतो.

आम्ही मग भिंतीवर एक मोठा कार्डशीट लावला. प्रत्येक गोष्टीपुढे तीनच प्रश्न. किती वेळ जगायला हवी? हरवली तर कुणाला त्रास? उरली तर कुणाला त्रास? समुपदेशकांपासून आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्या बसल्या होत्या. मावशींनी विचारलं की फोटो काढल्यावर फोटो कोण पुसणार. तोपर्यंत इंजिनिअरसकट कुणाच्याही यादीत हा प्रश्न नव्हता.

आमची ओळख आणि संकेत यांच्यापुढे पटकन ठरलं, न्यायचं नाही. आम्ही सगळ्या पुन्हा पासवर्ड टाकून आत येऊ, पाच मिनिटं जातील.

अर्धवट फॉर्मवर मात्र भांडण झालं. एक सहकारी म्हणाली, "तिनं एवढं रडत रडत सांगितलं, आणि आपल्या बिऱ्हाड बदलण्यापायी तिला परत पहिल्यापासून सांगायला लावायचं?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पुन्हा पुन्हा सांगावं लागणं ही स्वतःच एक शिक्षा असते, पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात आपण ते बघतोच. दुसरी म्हणाली, "तिनं फोन ठेवला. ठेवणं हेही तिचं म्हणणंच आहे." शेवटी असं ठरलं की बदलाच्या अर्धा तास आधीपासून नवा फॉर्म उघडायचाच नाही. त्या वेळात कुणाचा फोन आला तर बोलायचं, टाईप करायचं नाही. उघडे असलेले फॉर्म बाईची परवानगी असेल तर रजिस्टरमध्ये घ्यायचे, नसेल तर तिथेच पुसायचे. म्हणजे जाताना फळ्यावर एकही फॉर्म नसेल.

कुलपाचा प्रश्न मला स्वतःला सर्वात गंभीर वाटला. इंजिनिअरची एक सूचना अशी होती की दोन दिवस जुनी आणि नवी अशा दोन्ही यंत्रणा चालू ठेवाव्यात, दोन्हीकडे लिहावं, मग सावकाश जुनी बंद करावी. दुकानाच्या, बँकेच्या कामात असं करतात, आणि नीट केलं तर ते सुरक्षित असतं. पण आमची रांग दोन्हीकडे असेल आणि कुलूप एकाच फळ्यावरचं दिसत असेल, तर एकाच बाईला दोन समुपदेशकांचे दोन फोन जाणार. एकदा 'राँग नंबर' म्हणून ती सुटेल. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार झाला आणि समोर नवरा बसलेला असला तर काय होतं हे या खोलीत कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. म्हणून नियम केला: रांग आणि कुलूप कोणत्याही क्षणी एकाच ठिकाणी.

त्यानंतर सराव. खोट्या नंबरांनी, खोट्या नावांनी. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण सरावाला खरी माहिती वापरायची सवय सगळीकडे आहे. सोपं पडतं म्हणून. आम्ही एक संध्याकाळ बसून शंभर खोट्या ओळी तयार केल्या. त्या सरावात दोन गोष्टी सापडल्या.

पहिली अशी. तुलनेसाठी आम्ही दुसरा रस्ता, म्हणजे एकेक ओळ पलीकडे लिहिणारा प्रोग्रॅमही चालवून पाहिला. सगळ्या ओळी पोचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सगळ्या तिथेच होत्या! अर्ध्या तासाच्या, पाच मिनिटांच्या, सगळ्या. रेडिसमध्ये ओळ पलीकडे मांडायची एक आज्ञा आहे, रिस्टोअर. तिला ओळीचं उरलेलं आयुष्य सांगावं लागतं. ते शून्य सांगितलं तर आपल्याला वाटेल लगेच पुसेल. पण तिथे शून्याचा अर्थ 'मुदत नाही', म्हणजे कायमचं. प्रोग्रॅम शून्य सांगत होता. काम यशस्वी झालं असा हिरवा शेरा आला होता, आणि खऱ्या माहितीवर हे झालं असतं तर फळ्याचं रजिस्टर झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून कुणी तुमचं काम करून देत असेल तर 'सगळं पोचलं का?' एवढंच विचारू नका. 'पुसायचं ते पुसलं का?' हेही विचारा, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बघा.

दुसरी गोष्ट ओळींच्या नावांची. फळ्यावरच्या प्रत्येक ओळीला नाव असतं, आणि आमच्याकडे ते नाव म्हणजे चक्क बाईचा फोन नंबर होता. सोयीचं म्हणून सुरुवातीला तसं केलेलं. हलवणारा प्रोग्रॅम काम करताना आपली डायरी लिहीत जातो: अमुक ओळ नेली, तमुक ओळ नेली. म्हणजे नंबरांची यादी डायरीत. रेडिस स्वतःही हळू चाललेल्या आज्ञांची नोंद ठेवतं, तीत नावं येतात. आम्ही बदलाच्या आधी नावं बदलून घेतली. आता ओळीचं नाव म्हणजे नुसता अर्थहीन आकडा, आणि नंबर ओळीच्या आत.

सरावाच्या बाहेर आणखी एक गोष्ट तपासावी लागली. फळा भरला की काय करायचं याचा नियम. मूळ रेडिसचा नियम आहे की भरला तर नवीन घेऊ नका, जुनं पुसू नका. भाड्यानं देणाऱ्या कंपन्या बहुधा दुसरा नियम लावून देतात: मुदतीच्या ओळींपैकी बऱ्याच वेळात न वापरलेल्या आधी पुसा. आणखी एक नियम मुदत असो-नसो, कुठलीही जुनी ओळ पुसतो. तो लागला तर बराच वेळ थांबलेली रांगच पहिली जाईल. दोन्ही कंपन्यांकडे नियम एकच आहे ना, हे लेखी मागून घेतलं.

मग वेळ ठरवायची होती. इंजिनिअरनं आलेख काढून दाखवला: रात्री दोन ते चार सर्वात कमी फोन. म्हणजे तेव्हा बंद ठेवू. आकड्यांनी बरोबर होतं. पण रात्री दोनला जी फोन करते ती घराबाहेर काढलेली असते, पायरीवर बसलेली असते, नाहीतर संडासात दार लावून बोलत असते. तेव्हाचा एक फोन आणि दुपारचे दहा फोन सारखे धरायचे का? दुपारी तर बंद ठेवता येतच नाही, नवरा कामावर आणि मुलं शाळेत असतात, आपले बहुतेक फोन तेव्हाच. आम्ही संध्याकाळी सात ते साडेआठ निवडलं. स्वयंपाकाची वेळ, सगळं घर घरात. तेव्हा बाईला फोन करता येत नाही. आलेखात ती वेळ दुसऱ्या नंबरवर होती. वार निवडताना आठवडी बाजार आणि पगाराचा दिवस टाळला. पगाराच्या दिवशी दारू असते, मग रात्री फोन असतात. ही माहिती कुठल्या कंपनीच्या आलेखात नव्हती, आमच्या जुन्या रजिस्टरांत होती.

प्रत्यक्ष संध्याकाळी विशेष काही घडलं नाही, आणि तेच हवं होतं. सातला जुन्या यंत्रणेत नवीन नंबर घेणं थांबवलं. त्या दीड तासात येणाऱ्या मिस्ड कॉलसाठी साधा मोबाईल आणि कागद घेऊन दोघी बसल्या. जुन्या रांगेत तीन नंबर होते. दोघींना खुणेप्रमाणे फोन झाले. तिसऱ्यापुढे 'नऊनंतर' होतं. तिच्यासाठी ना फाईल काढली ना प्रोग्रॅम चालवला. समुपदेशकेनं नंबर आणि खूण चिठ्ठीवर लिहून घेतली, नवा फळा चालू झाल्यावर आठ चाळीसला स्वतः त्यावर चढवली, आणि चिठ्ठी फाडली. नऊ दहाला तिला फोन गेला. इतक्या बैठका झालेल्या त्या डेटाबेसमधून एवढी एकच ओळ पलीकडे गेली, तीही हातानं. इंजिनिअर हसला. म्हणाला, "ताई, हे मी कुणाला सांगणार नाही." मी म्हटलं, मी सांगणार आहे.

मोठ्या संस्थेला हे जमणार नाही, हे मला मान्य आहे. हजारो ओळी असतील तर प्रोग्रॅम लागेल, फोटोही लागेल. तिथे फोटो कुठे ठेवला, कुणी उघडला, कधी पुसला याची सही घ्यावी लागेल. पण आपल्यापैकी बहुतेक जणी लहान आहेत.

आता पुसण्याबद्दल. जुनी जागा बंद करताना कंपनीचा पडदा विचारतो: जाता जाता शेवटचा फोटो काढून ठेवायचा का? काळजीपोटी कुणीही 'हो' म्हणेल. आम्ही 'नाही' म्हटलं, आणि तेव्हाच आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या जागेत फळ्याचा रोज रात्री तीन वाजता आपोआप फोटो निघत होता आणि सात दिवस राहत होता. यंत्रणा पहिल्यांदा बसवून देणाऱ्या एजन्सीनं ती सोय चालू ठेवली होती. नियमानं बॅकअप हवा, म्हणून. रजिस्टरचा बॅकअप हवाच. पण फळ्याचा? रात्री तीनला ज्या रांगेत होत्या त्या सगळ्या बायका त्या सात फोटोंत होत्या. कुणी वाईट हेतूनं केलेलं नव्हतं हे. कुणी विचारलेलंच नव्हतं.

तेही पुसले. पुसलं म्हटल्यावर पुसलं जातंच असंही नाही. कोठारात जुन्या प्रती ठेवायची सोय चालू असेल तर खोडलेली फाईल फक्त नजरेआड होते, जुनी प्रत तशीच राहते. गूगलच्या कोठारात २०२४पासून नव्या खणात खोडलेली वस्तू सात दिवस परत आणता येईल अशी ठेवण्याचा नियम आपोआप लागतो, तो बदलता येतो. तेव्हा फळ्याचे फोटो काढायची वेळ आलीच तर ते ज्या खणात जाणार त्याचे नियम आधी बघा. जुनं खातं आम्ही लगेच बंद केलं नाही. बिल शून्य आलं, पुन्हा आत जाऊन रिकामं आहे हे दोघींनी पाहिलं, मग बंद केलं.

कायद्याचं थोडक्यात. २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे की माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जी संस्था ठरवते, तिच्यावर जबाबदारी असते. काम दुसऱ्या कंपनीकडून करून घेतलं म्हणून ती जबाबदारी कंपनीवर ढकलता येत नाही. म्हणजे उद्या त्या सात फोटोंतला एखादा कुणाच्या हाती लागला असता तर उत्तर आम्हाला द्यावं लागलं असतं. आणि कायदा राहू द्या, त्या बाईला काय उत्तर देणार होतो?

आम्ही फोनवर सुरुवातीला जे वाक्य बोलतो ते यानंतर बदललं. पूर्वी म्हणायचो, "तुमची माहिती गुप्त राहील." आता म्हणतो, "तुमचा नंबर फोन करण्यापुरता आमच्याकडे राहतो, मग पुसला जातो. तुम्ही हो म्हटलंत तरच बाकीचं लिहून ठेवू." पहिलं वाक्य बोलायला सोपं होतं. दुसऱ्यावर बायका प्रश्न विचारतात. एकीनं विचारलं, "म्हणजे मी उद्या नाही म्हटलं तर?" आम्ही सांगितलं, उद्याही पुसता येईल. मग ती बोलायला लागली.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देते आणि थांबते. लिहिलं आहे, "आमच्याकडे आठवड्याला वीसेक फोन येतात. हे सगळं करायचं का, की वही पुरे?" माझ्या मते वही पुरे. वीस फोनांना क्लाउड लागत नाही, कुलुपाचं कपाट लागतं. पण त्या वीस बायकांचे नंबर आणि खुणा सध्या तुमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतील, तर तुमचा फळा तिथे आहे. ग्रुपमध्ये किती जणी आहेत, सोडून गेलेल्यांच्या मोबाईलमध्ये काय राहिलं आहे, मेसेज आपोआप पुसले जाण्याची मुदत लावली आहे का आणि फोनचा बॅकअप कुठे जातो, हे चार प्रश्न घेऊन पुढच्या बैठकीत बसा. कार्डशीट आमच्याकडे उरला आहे, हवा असेल तर जाताना घेऊन जा.